रस्त्याची पकड कुठून येते, कशी झिजते आणि पुन्हा कशी मिळवतात

ओल्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन सारख्याच मोटारींच्या चालकांनी एकाच क्षणी ब्रेक दाबला, असे समजू. पहिल्या मोटारीखालच्या रस्त्याचा घर्षणांक ०.७ आहे आणि दुसरीखालच्या रस्त्याचा त्याच्या निम्मा, म्हणजे ०.३५ आहे. ब्रेक लागल्यापासून पहिली मोटार सुमारे ३६ मीटरमध्ये थांबते, तर दुसरीला ७२ मीटर लागतात. अंतर दुप्पट होणे अपेक्षितच आहे, त्यामुळे हा आकडा फारसा धक्कादायक वाटत नाही. परंतु पहिली मोटार जिथे पूर्ण थांबली त्या रेषेवरून दुसरी मोटार जाते, तेव्हा तिचा वेग अजून ताशी ५७ किलोमीटरच्या आसपास असतो. कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असते आणि निम्मे अंतर कापून झाले तरी वेग निम्मा झालेला नसतो. त्या रेषेवर रस्ता ओलांडणारा माणूस असेल, तर पहिल्या मोटारीचा चालक घाबरून घरी जातो आणि दुसऱ्याच्या हातून जीवघेणा अपघात होतो. टायर, ब्रेक आणि चालकाची सावधगिरी दोन्हीकडे सारखीच होती. फरक होता तो केवळ पृष्ठभागाचा.

हा पृष्ठभागाचा फरक कशामुळे पडतो आणि तो भरून काढण्यासाठी अभियंते काय करतात, हे या लेखात पाहू. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. रस्त्याची पकड हा त्याचा कायमचा गुण नसतो. ती वापराने खर्च होते, आणि जिथे तिची गरज सर्वाधिक असते, नेमकी तिथेच ती सर्वांत लवकर संपते. रस्त्याच्या पृष्ठभागावर जे जे उपचार केले जातात, त्यांतले बहुतेक या एका अडचणीवरचे उपाय आहेत.

टायरखालचे काही हजारांश सेकंद

मोटारीच्या टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. वेग वाढवणे, थांबणे, वळणे यांसाठी लागणारे सगळे बल अशा चार तुकड्यांमधूनच रस्त्यापर्यंत पोहोचते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना रस्त्यावरचा एखादा बिंदू टायरखाली किती वेळ राहतो, याचा हिशोब केला, तर एका सेकंदाच्या हजार भागांपैकी साधारण सात भाग एवढेच उत्तर येते. रस्ता ओला असेल, तर तेवढ्या वेळात पाणी बाजूला सारले जायला हवे, मागे उरलेला पाण्याचा पातळ थर फुटायला हवा आणि रबर दगडाला प्रत्यक्ष भिडायला हवे.

म्हणूनच ओल्या रस्त्यावर टायरच्या टेकलेल्या भागाचे तीन पट्टे मानले जातात. सर्वांत पुढच्या पट्ट्यात टायर पाण्याच्या जाड थरावर चढत असतो आणि तिथे पकड जवळजवळ नसते. मधल्या पट्ट्यात पाणी बरेचसे हटलेले असले तरी एक पातळ थर शिल्लक असतो. आणि मागच्या पट्ट्यात रबर दगडाला टेकते. खरी पकड या मागच्या पट्ट्यातून मिळते. वेग वाढला की पहिला पट्टा मागे सरकत जातो आणि तिसरा आक्रसत जातो. तो पूर्ण नाहीसा झाला की गाडी रस्त्यावर नव्हे, तर पाण्यावर चाललेली असते आणि स्टिअरिंग फिरवले काय किंवा ब्रेक दाबला काय, काहीच हाती लागत नाही. अमेरिकेच्या नासा या संस्थेतील संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर केलेल्या प्रयोगांतून यासाठी एक साधे सूत्र दिले: हा धोक्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. मोटारीच्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर या सूत्राने तो वेग ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास येतो. अर्थात टायरच्या खाचा आणि रस्त्यावरच्या पोकळ्या मिळून जेवढे पाणी सामावून घेऊ शकतात त्याहून अधिक पाणी साचले असेल, तेव्हाची ही गोष्ट आहे. पण पूर्ण तरंगण्याच्या कितीतरी आधीच पकड घसरणीला लागलेली असते, हे विसरता कामा नये.

रबर दगडाला धरून ठेवते ते दोन प्रकारे. एक म्हणजे दोन्ही पृष्ठभाग अगदी जवळ आले की रबर दगडाला चिकटू पाहते. दुसरे म्हणजे दगडांच्या उंचवट्यांवरून सरकताना रबर दबते आणि पुन्हा फुगते, पण दबताना खर्च झालेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. तिचा काही भाग उष्णता होऊन जातो आणि तेवढा घसरण्याला विरोध होतो. पाण्यामुळे पहिल्या प्रकारची पकड झपाट्याने कमी होते, दुसरी बऱ्याच अंशी टिकते.

आता पृष्ठभागाकडे वळू. रस्त्याचा खरखरीतपणा दोन पातळ्यांवर असतो आणि त्या दोन्ही वेगवेगळ्या ओळखल्याखेरीज पुढचे काहीच नीट समजत नाही. पहिला आहे सूक्ष्म पोत: प्रत्येक दगडाच्या अंगावरचा, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक खरखरीतपणा, जो डोळ्यांना सहसा दिसत नाही पण बोट फिरवले की जाणवतो. पाण्याचा उरलेला पातळ थर फोडण्याचे काम याचे. दुसरा आहे स्थूल पोत: दगडादगडांमधल्या खाचा आणि उंचवटे, ज्यांचा आकार अर्ध्या मिलिमीटरपासून सुमारे ५० मिलिमीटरपर्यंत मानला जातो. टायरखालून जास्तीचे पाणी निसटून जायला वाट देणे आणि रबराला दबायला भाग पाडणे हे याचे काम. कमी वेगात पकड मुख्यतः सूक्ष्म पोतावर ठरते. वेग वाढत जाईल तसतसे स्थूल पोताचे महत्त्व वाढते. सूक्ष्म पोत उत्तम पण खाचाच नाहीत अशा रस्त्यावर सावकाश जाणाऱ्या गाडीला काहीच खटकत नाही, आणि तोच रस्ता वेगात जाणाऱ्या गाडीला दगा देतो. उलट मोठमोठे दगड वर आलेले, पण प्रत्येक दगड चकचकीत झालेला असा रस्ता दिसायला खडबडीत असूनही पावसात कमी वेगातही घसरडा असतो. त्यामुळे नुसते पाहून रस्त्याच्या पकडीबद्दल मत बनवणे फारसे भरवशाचे नाही.

कोरडा आणि स्वच्छ असताना जवळजवळ कोणताही रस्ता पुरेशी पकड देतो. या विषयाचा सगळा कस लागतो तो ओल्या रस्त्यावर, आणि त्यातही दीर्घ कोरड्या काळानंतरच्या पहिल्या पावसात; तेव्हा साठलेली धूळ, तेल आणि रबराचे कण पाण्यात कालवून त्यांचे बुळबुळीत मिश्रण तयार होते. जोराचा पाऊस पडून ते धुऊन गेले की पकड थोडी सुधारते.

दगड कसा गुळगुळीत होतो

डांबरी रस्त्यात डांबर दिसते जास्त, पण वजनाने पाहिले तर त्यात साधारण ९५ टक्के दगड असतो आणि वरचा डांबराचा पापुद्रा झिजून गेल्यावर टायर दगडावरच चालतो. म्हणून पकडीचा प्रश्न हा शेवटी दगडाचा प्रश्न आहे. रस्त्यावरची बारीक धूळ आणि टायरचे रबर मिळून प्रत्येक दगडाला रोज थोडी थोडी पॉलिश करत असतात. अवजड वाहने हे काम सर्वांत वेगाने करतात. जिथे टायर नुसता फिरत नाही तर दाबाखाली किंचित घासत जातो, म्हणजे वळणांवर, चौकांच्या अलीकडे, उतारांवर आणि पादचाऱ्यांच्या क्रॉसिंगपाशी, तिथे पॉलिश फार लवकर चढते. वर म्हटलेली अडचण ती हीच.

नव्या पृष्ठभागाची पकड साधारण पहिल्या एक-दोन वर्षांत घटत जाऊन एका पातळीवर स्थिरावते. ही पातळी दगडाची जात आणि त्यावरून जाणारी अवजड वाहतूक यांवर ठरते. वाहतूक वाढली तर ती आणखी खाली जाते. आणि गंमत म्हणजे वाहतूक कमी झाली तर ती पुन्हा थोडी वरही येते, कारण ऊन-पावसाने दगडाचा पृष्ठभाग परत खरबरीत होतो. समशीतोष्ण देशांत याच कारणाने पकड ऋतूप्रमाणे बदलते: उन्हाळ्याच्या अखेरीस ती सर्वांत कमी आणि हिवाळ्यात जास्त आढळते.

कोणता दगड किती लवकर गुळगुळीत होईल, हे मोजण्यासाठी ब्रिटनमध्ये विकसित झालेली एक चाचणी आज अनेक देशांत वापरली जाते. दगडाचे तुकडे बसवलेल्या वक्र पट्ट्या एका चाकाच्या परिघावर लावतात, त्यावर रबरी चाक दाबून फिरवतात आणि मध्ये पाण्याबरोबर आधी तीन तास जाडसर व नंतर तीन तास पिठासारखी बारीक एमरी, म्हणजे घासण्यासाठी वापरतात ती कठीण दगडी पूड, सोडतात. त्यानंतर त्या पट्ट्यांची पकड मोजून जो आकडा मिळतो, त्याला पॉलिश्ड स्टोन व्हॅल्यू किंवा थोडक्यात पीएसव्ही म्हणतात. चुनखडीचा पीएसव्ही बहुधा ३५ ते ४५ च्या दरम्यान असतो, ग्रॅनाइट आणि बेसाल्ट ५० ते ६० च्या घरात येतात, काही भरड वालुकाश्म ६५ च्या वर जातात आणि खास भाजलेले बॉक्साइट ७० ओलांडते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दगड जितका कठीण तितकी पकड टिकाऊ, असे सरळ गणित नाही. गारगोटी चांगलीच कठीण असते, पण तिचा सगळा पृष्ठभाग एकजिनसी असल्यामुळे ती काचेसारखी गुळगुळीत होते. चुनखडी मऊ आणि एकजिनसी, दोन्ही असल्यामुळे तिचे पॉलिश होणे ठरलेलेच. याउलट भरड वालुकाश्मात कठीण कण तुलनेने मऊ द्रव्यात रुतलेले असतात. वरचे कण झिजून निखळले की खालचे नवे, धारदार कण उघडे पडतात आणि दगड स्वतःच स्वतःचा खरखरीतपणा जपतो. मात्र असा दगड अती निखळू लागला, तर खडीच झिजून जाते आणि स्थूल पोत हरवतो. म्हणजे थोडी झीज हवी, पण जास्त नको. चांगली खडी शोधणे हे याच बारीक फरकामुळे अवघड असते. नैसर्गिक दगड मिळत नाही तिथे पोलाद कारखान्यातली मळीही खडी म्हणून चांगली पकड देते, फक्त तिच्यातला मोकळा चुना आधी मुरू द्यावा लागतो, नाहीतर ती रस्त्यात फुगते.

मोजणी

स्थूल पोत मोजण्याची जुनी पद्धत इतकी साधी आहे की ती कोणालाही समजावी. ठरावीक घनफळाची बारीक वाळू किंवा काचेचे मणी रस्त्यावर ओतून गोलाकार पसरायचे, खाचा भरेपर्यंत पसरत राहायचे आणि वर्तुळाचा व्यास मोजायचा. २५ मिलिलिटर मणी १८ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात मावले, तर पोताची सरासरी खोली जवळपास एक मिलिमीटर भरते. वर्तुळ मोठे आले तर खाचा उथळ आहेत, असे समजायचे. आता हेच काम धावत्या गाडीवरचे लेसर करतात.

पकड मोजण्यासाठी टोकाला रबराचा तुकडा लावलेला लोलक ओल्या पृष्ठभागावर घासत जाऊ देतात आणि तो पलीकडे किती उंच जातो ते पाहतात. हे साधन कमी वेगातली पकड सांगते, म्हणजे मुख्यतः सूक्ष्म पोताची खबर देते. लांबच लांब रस्ते तपासायला ब्रिटनमध्ये स्क्रिम नावाचे वाहन वापरतात. त्याच्या पोटाखाली गुळगुळीत टायरचे एक चाक प्रवासाच्या दिशेशी २० अंशांचा कोन करून फिरते, त्याच्या पुढ्यात पाणी फवारले जाते आणि चाकावर येणारे आडवे बल सतत नोंदवले जाते. अमेरिकेत मात्र ट्रेलरचे चाक काही क्षण पूर्ण जाम करून ते किती ओढ देते हे मोजण्याची पद्धत अधिक रूढ आहे. दोन्हींचे आकडे एकमेकांशी थेट ताडून पाहता येत नाहीत, आणि पकडीच्या चर्चेत निम्मे वाद याच कारणाने होतात, असे माझे मत आहे.

उपचार: खडीच्या पातळ थरापासून खाचांपर्यंत

सर्वांत जुना आणि जगभर सर्वाधिक वापरला जाणारा उपचार म्हणजे सरफेस ड्रेसिंग, अर्थात रस्त्यावर गरम डांबर किंवा डांबराचे इमल्शन (पाण्यात मिसळलेले पातळ डांबर) फवारून त्यावर एकसारख्या आकाराची खडी पसरणे आणि रोलर फिरवून ती बसवणे. खर्च कमी, काम जलद आणि मिळणारा स्थूल पोत भरपूर. पण यात अचूकपणा लागतो. डांबर कमी पडले तर खडी सुटते आणि वाहनांच्या काचा फोडते; जास्त झाले तर उन्हाळ्यात ते वर येते, खडी त्यात बुडते आणि चाकांच्या वाटांवर काळे, चकचकीत, पूर्वीपेक्षाही घसरडे पट्टे तयार होतात. म्हणून जुना रस्ता किती मऊ आहे, त्यावरून किती अवजड वाहने जातात, सावली कुठे पडते यानुसार डांबराचे प्रमाण आणि खडीचा आकार ठरवावा लागतो. जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर आधी मोठी खडी आणि तिच्या फटींत अडकेल अशी बारीक खडी, असे दोन थर देतात. काम झाल्यावर सुटी खडी झाडून काढेपर्यंत वाहनांचा वेग रोखून धरणे आवश्यक असते, आणि दुचाकीस्वारांसाठी तर हा काळ मूळ घसरड्या रस्त्यापेक्षाही धोक्याचा ठरू शकतो.

मायक्रोसर्फेसिंगमध्ये पॉलिमरयुक्त इमल्शन, बारीक प्रतवारीची खडी, थोडे सिमेंट आणि पाणी यांचे पातळ मिश्रण चालत्या यंत्रातूनच पसरले जाते. सूक्ष्म पोत त्याने चांगला सुधारतो, उथळ चाकोऱ्याही भरल्या जातात. परंतु खडी बारीक असल्यामुळे स्थूल पोत मर्यादित राहतो. शहरी वेगांसाठी तो पुरतो.

पूर्ण नवा थर टाकायचा असेल तेव्हा मिश्रणाची निवड महत्त्वाची ठरते. जर्मनीत १९६० च्या दशकात बर्फावर घसरू नयेत म्हणून खिळे बसवलेल्या टायरांनी होणाऱ्या झिजेवर उपाय म्हणून स्टोन मॅस्टिक अस्फाल्ट पुढे आले: भरड दगड एकमेकांना टेकलेले आणि त्यांच्या फटी डांबर, भुकटी व तंतू यांच्या मिश्रणाने भरलेल्या. टिकायला उत्तम, पण सुरुवातीला प्रत्येक दगडावर डांबराचा जाड पापुद्रा असल्यामुळे नव्याकोऱ्या रस्त्याचीच पकड कमी भरते. जर्मनीत म्हणून थर गरम असतानाच त्यावर बारीक खडी पेरून दाबण्याची प्रथा आहे. नवा, काळाभोर, सपाट रस्ता पाहून चालक निर्धास्त होतो, त्याच रस्त्याच्या पहिल्या काही आठवड्यांत अधिक सावध राहायला हवे, ही गोष्ट सामान्य चालकांना जवळजवळ कोणीच सांगत नाही. नेदरलँड्समध्ये मात्र नव्या थरावर थांबण्याचे अंतर वाढते, अशा आशयाच्या पाट्या लावल्या जातात.

त्याच देशातील बहुतेक महामार्गांवर सच्छिद्र अस्फाल्ट आहे. त्यात सुमारे २० टक्के पोकळी असते, त्यामुळे पावसाचे पाणी पृष्ठभागावर न थांबता थरात उतरते आणि कडेने बाहेर पडते. पाण्याचा थरच नसल्याने गाडी तरंगण्याचा धोका घटतो, पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडणारा तुषारांचा पडदा जवळजवळ नाहीसा होतो आणि आवाजही कमी होतो. मात्र छिद्रे धुळीने बुजतात, थंड प्रदेशात बर्फावरचे मीठ आत झिरपून जाते म्हणून ते जास्त टाकावे लागते, आणि दगड सुटे होऊन थर लवकर उखडतो. शिवाय समोरचे स्वच्छ दिसू लागले की चालक पावसातही वेग वाढवतात. त्यामुळे मिळालेल्या सुरक्षिततेचा काही भाग तेच वापरून टाकतात.

काँक्रीटच्या रस्त्यांची रीत वेगळी. ओले असतानाच त्यावर ब्रश किंवा दाते ओढून रेघा पाडतात, किंवा वरचा सिमेंटचा लेप घट्ट होण्याआधी धुऊन खडी उघडी करतात. रस्ता जुना झाला तर हिऱ्याच्या पात्यांनी तो घासून नवा पोत काढता येतो. अमेरिकेत १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो फ्रीवेच्या १९ वर्षे जुन्या भागावर हे प्रथम केले गेले. खाचा पाडणे हे त्याहून निराळे काम आहे: सुमारे तीन मिलिमीटर रुंदीच्या, एकमेकींपासून १९ मिलिमीटर अंतरावरच्या उभ्या खाचा वळणावर कोरल्या की पाणी निसटते आणि आडव्या घसरणीला विरोध वाढतो. धावपट्ट्यांवर खाचा आडव्या असतात, कारण तिथे प्रश्न सरळ थांबण्याचा असतो. खाचांमुळे दगडाचा सूक्ष्म पोत मात्र सुधारत नाही.

चांगल्या अवस्थेतल्या डांबरी रस्त्यावर नवा थर न देताही पोत परत आणता येतो. वर आलेले डांबर अतिउच्च दाबाच्या पाण्याने खरवडून काढतात, किंवा पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून दगड पुन्हा खरबरीत करतात. फायदा लगेच मिळतो, पण दगड तोच असल्यामुळे तीच वाहतूक त्याला पुन्हा त्याच पातळीवर नेऊन ठेवते. निकडीच्या वेळी वेळ काढून देणारा उपाय, एवढेच त्याचे स्थान.

बॉक्साइटचा थर

सर्वाधिक पकड देणारा उपचार म्हणजे उच्च घर्षण पृष्ठभाग. लंडनमध्ये १९६० च्या दशकापासून चौकांवर आणि क्रॉसिंगपाशी एपॉक्सी रेझिनवर (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवावर) बॉक्साइट पेरलेले असे पट्टे दिले गेले आणि आज अनेक देशांत ते दिसतात. बॉक्साइट हे मुळात ॲल्युमिनियमचे खनिज. ते सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या वर भट्टीत भाजले की त्यात कोरंडमचे अतिकठीण स्फटिक तयार होतात. मोहच्या कठीणता श्रेणीत हिरा दहाव्या क्रमांकावर आहे आणि कोरंडम नवव्या. या कठीण स्फटिकांच्या मध्ये बारीक छिद्रे आणि थोडी मऊ द्रव्ये असल्यामुळे कण झिजतानाही धारदार राहतो. अमेरिकी मानकांत या बॉक्साइटमध्ये किमान ८७ टक्के ॲल्युमिना असावे, अशी अट असते.

काम असे चालते. छर्ऱ्यांच्या माऱ्याने रस्ता स्वच्छ करून तो पूर्ण कोरडा करतात, दोन घटकांचे रेझिन मिसळून पसरतात आणि ते घट्ट होऊ लागण्याआधी त्यावर एक ते तीन मिलिमीटरचे बॉक्साइट गरजेपेक्षा जास्त, रेझिन कुठेच ओले दिसणार नाही इतके पेरतात. दर चौरस मीटरला चिकटून राहणारे बॉक्साइट साधारण सात किलो असते. काही तासांत रेझिन घट्ट झाले की सुटे कण ओढून घेऊन वाहतूक सोडतात. सगळा थर जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाड असतो. तो चांगला दिला तर पाच ते दहा वर्षे काम देतो.

तो फसतो तेव्हा बहुधा दोष वरच्या थराचा नसतो. खालचा रस्ता भेगाळलेला किंवा ओलसर असेल, त्यावर तेल असेल, तर रेझिन सोलून निघते. रेझिन आणि डांबर तापमानानुसार वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे कमकुवत डांबराचा वरचा पदर रेझिनला चिकटूनच उखडतो. नव्या डांबरी थरावर म्हणूनच सुमारे महिनाभर थांबायला सांगतात. हा उपचार रस्ता दुरुस्त करत नाही. चांगल्या रस्त्याला पकड देतो. नेमका हा फरक विसरला गेल्याने पैसे वाया गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

कुठे आणि किती

हे बॉक्साइट महाग असते आणि संपूर्ण महामार्गावर पसरणे कोणालाच परवडत नाही. तशी गरजही नसते. सरळ, सपाट महामार्गावर चालक क्वचितच जोराने ब्रेक दाबतो. ब्रिटनमध्ये प्रमुख रस्त्यांसाठी १९८८ मध्ये जे धोरण लागू झाले, त्याचा गाभा हाच आहे: सर्व रस्त्यांना एकच मर्यादा न लावता, जागेच्या धोक्याप्रमाणे पकडीची वेगवेगळी पातळी ठरवायची. स्क्रिमच्या मोजमापात मोटरवेसाठी, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांसाठी, ती ०.३५ च्या आसपास, तर क्रॉसिंगच्या अलीकडच्या पट्ट्यासाठी ०.५ किंवा अधिक असते. आणि मोजलेला आकडा या पातळीच्या खाली गेला म्हणजे रस्ता धोकादायक ठरला असे नव्हे. त्या जागेची चौकशी करायची, एवढाच त्याचा अर्थ. मला ही भूमिका अत्यंत शहाणपणाची वाटते, कारण ती आकड्याला निर्णय न मानता प्रश्न मानते.

अमेरिकेत जीवघेण्या अपघातांपैकी चौथ्या भागाहून अधिक अपघात वळणांशी निगडित असतात, असे तिथले संघराज्य महामार्ग प्रशासन सांगते. त्याच संस्थेच्या माहितीनुसार उच्च घर्षण पृष्ठभागामुळे जोडरस्त्यांच्या वळणदार मार्गिकांवरील इजा होणारे अपघात ६३ टक्क्यांपर्यंत आणि इतर वळणांवरचे ४८ टक्क्यांपर्यंत घटू शकतात, तर चौकांवर एकूण अपघातांतली घट २० टक्क्यांच्या घरात राहते. असे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. ज्या वळणावर गेल्या वर्षी अपघात विशेष जास्त झाले, तेच उपचारासाठी निवडले जाते. आणि विशेष वाईट वर्षानंतरचे वर्ष काहीही न करता देखील बहुधा बरे जाते. ही आपोआप होणारी घट वेगळी काढूनच उपचाराचे खरे श्रेय मोजायला हवे, आणि चांगले अभ्यास ते करतात. चौक आणि वळण यांतला फरकही समजण्याजोगा आहे: वळणावर गाडी घसरते ती पकड अपुरी पडल्यामुळे, चौकात मात्र अनेकदा कोणीतरी सिग्नल मोडलेला असतो, आणि तिथे खरबरीत रस्त्याचा उपयोग तेवढाच मर्यादित.

एबीएस असलेल्या गाड्यांमुळे पृष्ठभागाची चिंता उरली नाही, असेही काही जण मानतात. एबीएस चाक जाम होऊ देत नाही आणि उपलब्ध पकडीचा पुरेपूर वापर करून घेते. नसलेली पकड ते निर्माण करू शकत नाही. दुचाकीस्वाराला तर पकडीपेक्षाही पकडीतला अचानक बदल जास्त घातक असतो. वळणावर झुकलेली दुचाकी खरबरीत डांबरावरून गुळगुळीत रंगाच्या पट्ट्यावर, लोखंडी झाकणावर किंवा भेगा बुजवण्यासाठी ओतलेल्या डांबराच्या ओघळावर आली, तर सावरायला वेळच मिळत नाही. रंगात बारीक दगडी कण मिसळणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

पकड कमी भरली म्हणून चौकशीसाठी जागेवर गेलेला अभियंता आधी पृष्ठभाग पाहत नाही. पाणी कुठे जाते ते पाहतो. रस्त्याला कडेकडे दोन ते अडीच टक्के उतार आहे का, चाकोऱ्यांत पाणी साचते का, वळण सुरू होताना उतार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरतो त्या मधल्या सपाट तुकड्यावर पाण्याचा थर जाड होतो का, कडेची माती आणि गवत रस्त्यापेक्षा उंच वाढून पाणी अडवते आहे का, हे तपासले जाते. साचलेल्या पाण्याची खोली कित्येक मिलिमीटर असते आणि पोताची खोली एक-दीड मिलिमीटर. त्यामुळे अशा जागी बॉक्साइटचा थर दिला तरी पाणी त्याच्या वर उभेच राहते. कडेची माती काढून पाण्याला वाट करून दिली, तर पुढच्या मोजणीत तोच जुना पृष्ठभाग पुरेसा ठरण्याची शक्यता असते, आणि बॉक्साइटचा खर्च खरोखर पॉलिश झालेल्या दुसऱ्या एखाद्या वळणासाठी राखता येतो.